आपणहून कुणी हात लावला?

३ मार्च

धाकट्या,

पत्ता मावशीकडून मिळाला. तिच्यावर रागावू नकोस. तिनं तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा मी तिच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले, तेव्हा तिनं डब्याखालून कागद काढून दिला. तू काय करतोस, कसा आहेस, यातलं काही सांगितलं नाही. "त्याला वाटलं तर तोच सांगेल," एवढंच म्हणाली.

नऊ वर्षांनी लिहितेय म्हणजे काहीतरी घडलं असणार, असं तुला वाटेल. घाबरू नकोस, सगळे बरे आहेत. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, ते मावशीनं कळवलंच असेल. चिमणी चौथीत आहे, दिवसभर तोंड चालू असतं.

लिहायला कारण झालाय एक कागद.

मी अजून त्याच छापखान्यात मुद्रितं तपासते. महिन्यापूर्वी कातडीच्या इस्पितळातून एक डॉक्टरबाई प्रश्नपत्रिका छापून घ्यायला आल्या. दीर्घकाळ कातडीचा आजार असलेल्या माणसाचं रोजचं जगणं कसं चाललंय, ते मोजायचा कागद. दहा प्रश्न, आणि प्रत्येकाला चार उत्तरं: मुळीच नाही, थोडं, बरंच, फार. शून्यापासून तीनपर्यंत गुण. सगळे मिळून तीस. जितके जास्त, तितकं जगणं अवघड.

मी कच्चं मुद्रित हातात घेतलं. पहिला प्रश्न असा होता: "गत सप्ताहात त्वचाविकारामुळे आपणांस कंडू, वेदना अथवा दाह यांची कितपत अनुभूती आली?"

म्हटलं, "डॉक्टरबाई, शुद्धलेखनाची चूक एकही नाही. पण हा कागद तुमच्या पेशंटनं वाचला तर त्याला आणखी एक आजार झालाय असं वाटेल."

रागावतील असं वाटलं होतं. त्या खुर्ची ओढून बसल्याच. म्हणाल्या, "मग कळेल असा करून द्या. आठवड्यातून दोन दिवस या. मालकांशी मी बोलते."

कातडीचा आजार कसा मोजतात, ते त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. पेशंटचा स्वतःचा तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण शंभरावा भाग. चट्टे किती तळहात भरतात ते बघायचं. "पण ते झालं कातडीचं," त्या म्हणाल्या. "तळहाताएवढ्या चट्ट्यानं माणसाचं आयुष्य किती खाल्लं, ते कातडीवर दिसत नाही. ते त्यालाच विचारावं लागतं."

घरी येऊन मी माझा तळहात माझ्याच दंडावर ठेवला. एक. मग डोळे मिटून तुझी पाठ आठवत गेले. तू चौदाचा होतास तेव्हा खांद्याखाली पाच-सहा असतील. सव्विसाव्या वर्षी कमरेपर्यंत पाठ भरली होती. बारा वर्षं ते डांबराच्या वासाचं मलम मीच लावत होते, त्यामुळे तुझी पाठ मला तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. पण तुला कसं वाटतं, हे एकदाही विचारलं नाही. मलम संपलंय का, एवढंच विचारायची.

तू नोकरीसाठी गेलास, असं मी बाहेर सगळ्यांना सांगते. त्या दिवशी बाळाच्या बाबतीत जे झालं, ते सासूबाई समोर होत्या म्हणून झालं. ते तुला ठाऊकच आहे.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

ताई

२१ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हती. तरी पोस्टमन दिसला की हातातलं टाकून उठते.

मला नऊ नंबरची खोली दिलीय. एक टेबल, दोन खुर्च्या, वजनकाटा आणि कधीकाळी हिरवा असलेला पडदा. बाहेर लांबलचक व्हरांडा, त्यात बाकं, आणि बाकांवर माणसं अंग चोरून बसलेली. हा शब्द मी शेकडो वेळा छापलेला पाहिलाय, पण माणूस खरंच स्वतःचं अंग कसं चोरतो ते इथं दिसलं. कोपर आत, पाय आत, शेजारच्याला आपली बाही लागू नये म्हणून पिशवी मधे.

माझं काम सोपं आहे. प्रश्न वाचायचा आणि विचारायचं, "तुम्हाला यातून काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा." मग गप्प बसायचं. ते गप्प बसणं शिकायला मला चार दिवस लागले.

आणि काय काय ऐकलं म्हणून सांगू! मी बावीस वर्षं शब्दांची झाडलोट करतेय, पण या लोकांपुढे मी बालवाडीत. "खाज किती?" म्हटलं, तर भाजीवाली म्हणते, "खाज नाही हो, आग. मिरची चोळल्यावाणी." एक ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "मुंग्या. आणि त्यांना घाई असते." भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी मला शिकवणीच दिली: "कंड वेगळा आणि चुणचुण वेगळी. कंड आला तर खाजवल्यावर घटकाभर सुख तरी मिळतं. चुणचुणीला तेही नाही." मी डॉक्टरबाईंना हे वाचून दाखवलं. वीस वर्षं खाजेवर औषध देणारी बाई, पेन खाली ठेवून म्हणाली, "पुन्हा वाचा."

दुसऱ्या प्रश्नात "लाज" शब्द होता. बसमधली कंडक्टर बाई, दोन्ही हात कोपरापर्यंत खपल्यांनी भरलेले, माझ्यावर उखडलीच. "लाज चोरी केल्यावर वाटते. मी काय केलंय?"

"मग काय वाटतं?"

तिनं विचार केला. "लोक सुटे पैसे माझ्या हातावर ठेवत नाहीत. वरून टाकतात. तेव्हा ओशाळल्यासारखं होतं बघा. चूक माझी नसून." मग हसली. "देवाला म्हटलं होतं गेंड्याची कातडी दे. त्यानं ऐकण्यात गडबड केली."

आता कागदावर "ओशाळल्यासारखं" आहे.

पण खरं सांगायचंय ते गवंडीकाकांचं. साठीचा माणूस, मानेपासून घोट्यापर्यंत तुझाच आजार. डॉक्टरबाईंनी सत्तर तळहात मोजले. आणि कागदावर गुण आले शून्य. शून्य, धाकट्या! बँकेतली एक मुलगी, हनुवटीवर रुपयाएवढा पांढरा डाग, तिचे सव्वीस आले होते. आणि हा माणूस शून्य. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. शिकाऊ डॉक्टर मुली तर त्यांच्याकडे संतपुरुषाकडे बघावं तशा बघायला लागल्या.

मुद्रितशोधकाची सवय वाईट. मी कागद पुन्हा बघितला. दहापैकी आठ खुणा शेवटच्या चौकटीत होत्या. चार उत्तरांपुढची ती पाचवी, तिथं लिहिलंय "लागू नाही". त्याला गुण शून्य.

विचारलं, "काका, पोहणं लागू नाही म्हणजे?"

"पोहायचो की. सोडलं."

"कधी?"

"लग्नाआधी."

"पाहुण्यांकडे जाणं?"

"जातच नाही. मग त्रास कसला?"

"कपडे निवडताना?"

"लांब बाह्यांचा एकच प्रकार. निवडायचं काय त्यात?" आणि अभिमानानं म्हणाले, "मी अंगाला लावून घेत नाही, बाई. कुणाला त्रास होऊ देत नाही, स्वतःला होऊ देत नाही."

गवंडीच ना. तीस वर्षं एकेक खिडकी विटांनी बुजवत आणली, आतून गिलावाही छान केला. आणि आमचा कागद म्हणतो, या माणसाला काही त्रास नाही.

त्या चौकटीचे मी दोन भाग करून घेतले. एक, "हे मी कधीच करत नव्हतो." दुसरा, "आजारामुळे सोडलं." दुसऱ्याला पूर्ण तीन गुण. काकांना नवा कागद दिला. त्यांनी पेन्सिल बराच वेळ धरून ठेवली. बेरीज चोवीस झाली. आकड्याकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "घरी सांगू नका हं. तिला वाटतं मी मजेत आहे."

त्यांना व्हरांड्याच्या टोकापर्यंत सोडायला गेले. तू किती चौकटींत "लागू नाही" करत गेलास, ते आठवत होते. फुटबॉल. मित्राचं लग्न. माझ्याच घरात पाहुणे आले की मागची खोली. आणि मी सगळ्यांना सांगायची, आमचा धाकटा फार समजूतदार.

ताई

९ एप्रिल

धाकट्या,

आज जे लिहायचंय ते तीन दिवस लिहितेय आणि फाडतेय.

सोमवारी एक शिवणकाम करणारी मुलगी आली. पंचविशीची. दोन्ही हातांना इसब, बोटांच्या पेरांवर भेगा. व्हरांड्यात तिची सासू बाळ घेऊन बसली होती. दहा प्रश्नांची उत्तरं तिनं पटापट दिली, शिवणयंत्र चालवल्यासारखी. मी कागद आवरायला लागले तर म्हणाली, "झालं? माझा प्रश्न यात आलाच नाही."

"कुठला?"

"माझं बाळ दिवसातून पाच-सहा वेळा माझ्याकडे येतं. पाजण्यापुरतं. पाजून झालं की घेतात आणि पुसतात." लगेच घाईनं म्हणाली, "वाईट कुणी बोलत नाही हं. माणसं चांगली आहेत सगळी. फक्त पुसतात."

मी गप्प बसायला शिकले होते ना, तशीच बसले. पण ते गप्प बसणं वेगळं होतं. 

तिच्या सासूला मी आत बोलवलं. मऊ स्वभावाची बाई. डॉक्टरबाईंनी तिला समजावलं की हा आजार लागत नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही. तिनं मान हलवली. "मला माहीत आहे हो. पहिल्याच दिवशी सांगितलंत तुम्ही. हात आपोआप जातो."

हात आपोआप जातो.

धाकट्या, पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. सासूबाई समोर नव्हत्या. त्या आंघोळीला गेल्या होत्या, खोलीत मी एकटीच होते. चिमणी दोन महिन्यांची. तू तिला मांडीवर घेतलं होतंस आणि ती तुझं बोट धरून झोपली होती. तू काही चुकीचं केलं नव्हतंस, तिनं कुरकुर केली नव्हती. मी आले आणि तुझ्या मांडीवरून तिला उचललं. "दूध द्यायचंय," म्हटलं. मोरीत नेलं आणि साबणानं तिचा हात धुतला. ते एवढंसं बोट, एकदा, दोनदा. मान वर केली तर तू दारात.

तिथं नसलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं. नऊ वर्षं मी हे सासूबाईंच्या नावावर ठेवलं. चिमणीच्या बाबांना, मावशीला, आणि इतक्या वेळा स्वतःला सांगितलं की त्यांचं लुगडं, त्यांचा आवाज, सगळं मला त्या खोलीत दिसायला लागलं होतं. तुझा आजार लागत नाही हे त्या घरात सगळ्यांत जास्त कुणाला ठाऊक असेल तर मला. बारा वर्षं रोज या हातांनी मलम लावलं, मला कधी काही झालं नाही. तरी हात आपोआप गेला.

माफ कर असं लिहिणार नाही. ते तुझ्यावर काम टाकल्यासारखं होईल. झालं काय ते खरं लिहायचं होतं.

त्या मुलीचा प्रश्न कागदावर घ्यायचा म्हणून मी हट्ट धरलाय. अकरावा.

ताई

३० मे

धाकट्या,

पहिल्या पत्राला तीन महिने होत आले. पत्रं परत येत नाहीत म्हणजे कुणीतरी घेतंय, एवढ्यावर मी लिहीत राहते.

अकराव्या प्रश्नानं आम्हाला रडकुंडीला आणलं. पहिल्यांदा लिहिलं, "लोक तुम्हाला हात लावायचं टाळतात का?" पन्नास जणांना विचारलं. बहुतेक म्हणाले, नाही हो, तसं काही नाही. आम्ही चक्रावलो. मग कंडक्टर बाईनं कोडं सोडवलं. म्हणाली, "टाळणारा माणूस टाळतोय हे दाखवतो होय? तो पिशवी सावरतो, दार धरतो, नमस्कार करतो. न मिळालेलं कसं मोजायचं? मिळालेलं विचारा."

मग प्रश्न झाला: "गेल्या आठवड्यात कुणी आपणहून तुम्हाला हात लावला का?"

आकडेमोड बघणारे मास्तर आहेत, ते अडून बसले. बाकीचे दहा प्रश्न दुःखाचे, हा एकच सुखाचा. गुण उलटे होतील, बेरीज बिघडेल. मी म्हटलं, "मास्तर, उलटे मोजा की. छापखान्यात आम्ही अक्षरं जन्मभर उलटीच वाचली." डॉक्टरबाई हसल्या, म्हणून तो प्रश्न निदान चाचणीपुरता तरी राहिला.

पहिल्या दिवशी एक कुलूपवाले आजोबा आले. सत्तरीचे, एकटे राहणारे. दहा उत्तरं खणखणीत दिली. अकरावा वाचला आणि ते थांबले. मला वाटलं ऐकू आलं नाही, पुन्हा वाचला. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. बोटं दुमडत आठवडा मागं नेत होते, वार वार करून. बऱ्याच वेळानं, अगदी हिशेबी माणसासारखं विचारलं,

"डॉक्टर धरायचे का?"

डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाही आजोबा. आम्हाला नका धरू."

"मग या आठवड्यात नाही," आजोबा म्हणाले. "त्याच्या आधीच्या मंगळवारी एका गिऱ्हाइकानं खांद्यावर हात ठेवला होता. किल्ली पहिल्या फटक्यात लागली म्हणून." आणि उजव्या खांद्याकडे बघितलं. जागा त्यांच्या लक्षात होती, धाकट्या. वार लक्षात होता, खांदा कुठला ते लक्षात होतं.

डॉक्टरबाई आत आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. तपासायचं कधीच झालं होतं.

एकशेसाठ माणसांना विचारून झालं. काल मोठ्या खोलीत बैठक होती. पाच डॉक्टर, मास्तर, आणि कोपऱ्यात मी. मास्तरांनीच आकडे वाचले. एकशेसाठपैकी एकाहत्तर जणांचं उत्तर, "एकदाही नाही." वाचून झाल्यावर मास्तरांनी कागद पालथा ठेवला आणि म्हणाले, "माझी हरकत मी मागे घेतो." खोलीत पंखा फिरत होता, खाली गाडीवाले भांडत होते, आणि आम्ही सात जण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी दिसल्यासारखे बसून होतो. मी जन्मभर कागदांवर काम केलंय. कागदावरचं एक वाक्य इतकं काही उघडू शकतं, हे मला माहीत नव्हतं. भीती वाटावी असं ते होतं. देवळात वाटते तशी भीती.

अकरावा प्रश्न राहिला.

ती शिवणकामाची मुलगी परवा येऊन गेली. सासूबरोबर. या वेळी बाळ तिच्याच कडेवर होतं. तिची सासू मला बाजूला घेऊन म्हणाली, "हात अजून जातो हो. पण मी मागं घेते." मला वाटलं, याहून खरं बोलणं मी ऐकलेलं नाही.

ताई

२४ जून

धाकट्या,

तुझं पत्र आलं. पोस्टमनच्या हातातून घेतलं आणि जिन्यातच बसले. चिमणी वरून विचारत होती, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "मामाचं पत्र." ती म्हणाली, "मला मामा आहे?" हे तिनं विचारावं इतकं मी करून ठेवलंय.

तू लिहिलंयस ते शब्दन् शब्द पाठ झालंय. लिहिलंयस: "ताई, सासूबाई समोर नव्हत्या हे मला तेव्हाही माहीत होतं. मोरीत तू एकटीच उभी होतीस. त्या मागच्या न्हाणीत होत्या. बाळाचा हात धुतलास त्याचा राग चार दिवस होता, मग गेला. मी त्यासाठी गेलो नाही. त्या संध्याकाळी तू नेहमीसारखी मलम घेऊन आलीस. नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लावत बसलीस. एक शब्द बोलली नाहीस. मीही बोललो नाही. मला वाटलं, आता हे असंच जन्मभर चालणार. तू लावत राहशील, मी लावून घेत राहीन, आणि आपण दोघं गुदमरून मरू. म्हणून गेलो."

नऊ वर्षं मी चुकीच्या गोष्टीसाठी झुरत होते. साबण, बोट, मोरी. ती संध्याकाळ तर माझ्या लक्षातही नव्हती. नाही, होती. पण माझ्या खात्यात चांगल्या बाजूला होती. मला वाटायचं, तेवढं तरी मी केलं.

अकरा प्रश्न झाले, तरी हे कुठल्या प्रश्नात पकडता आलं असतं, सांग. मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कागदात सगळं येत नाही. कागद दार वाजवतो. आत काय आहे ते दार उघडणारा सांगतो."

शेवटी तू एकच ओळ लिहिलीस, "यायचं तर या, दोघी या, दुकान सोमवारी बंद असतं." कसलं दुकान ते लिहिलं नाहीस. खोडी जात नाही तुझी.

येतो. शनिवारी निघतो.

ताई

१९ जुलै

धाकट्या,

सुखरूप पोचलो. पोचल्याचं आधीच कळवायला हवं होतं, पण इतके दिवस जे पाहिलं ते आत मुरू देत होते.

तिथं मी फारशी बोलले नाही. तू हसून म्हणालासही, "ताई, तू आजारी आहेस का?" आजारी नव्हते. बघत होते.

मावशीच्या मौनातून मी काय काय कल्पना केल्या होत्या! कुठंतरी गोदामात असशील, मागच्या खोलीत, लांब बाह्यांत. आणि आम्ही पत्ता शोधत आलो तर रस्त्यावरचं मोठं काचेचं दुकान, भिंतभर चष्मे, आणि मधोमध तू, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात. मी लगेच हाक मारली नाही. चिमणीला घेऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. तू आम्हाला बघितलं नव्हतंस. एक बाई आली, तू तिच्या डोळ्यांवर फ्रेम ठेवलीस, दोन्ही कानांमागं बोटं नेऊन काड्या बसवल्यास, हनुवटी धरून मान सरळ केलीस. मग एक म्हातारा. मग एक कॉलेजातला पोरगा. तेच हात, धाकट्या. चट्टे पूर्वीपेक्षा जास्त होते, कमी नव्हते. आणि माणसं डोळे मिटून स्वतःचा चेहरा त्या हातांत देत होती. मला तिथं, परक्या माणसांच्या मधे बसून, हुंदका आवरेना. शेजारच्या बाई म्हणाल्या, "डोळ्यांतून पाणी येतं का? दाखवा त्यांना, फार हलक्या हाताचे आहेत."

दुकानातला पहिला आठवडा तू हातमोजे घालून काम केलंस, आणि एका आजीबाईनं "काढ ते, फ्रेम घसरतेय" म्हणून दटावलं, हे तू नंतर जेवताना सांगितलंस. सगळे हसलो. मला त्या आजीबाई कुठं राहतात ते विचारायचं होतं. पाया पडायला गेले असते.

तू हाक ऐकून वळलास तेव्हा माझ्याकडे बघितलंस, आणि मग चिमणीकडे. आणि नऊ वर्षांनी तुझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "ही डोळे बारीक का करते?"

मी म्हटलं, "कुठं?"

"त्या पाटीकडे बघताना. तुला दिसलं नाही?"

नाही दिसलं. मी रोज तिच्याबरोबर असते, अक्षरातला कानासुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि मला हे दिसलं नाही. तू तिला उंच खुर्चीत बसवलंस. भिंगं बदलत गेलास. हे स्पष्ट की ते? आता? आणि आता? मला वाटलं, हाही प्रश्न विचारून मोजायचाच प्रकार की. आतून कसं दिसतं ते तिच्याशिवाय कोण सांगणार?

तुझे हात तिच्या डोळ्यांपासून चार बोटांवर होते. तिनं मनगटाकडे बघून सरळ विचारलं, "मामा, हे दुखतं का?"

मी तिला दटावणार होते. तू भिंग बदलत राहिलास.

"कधी कधी," तू म्हणालास.

"कधी?"

"थंडीत. आणि भेगा पडल्या की."

"आत्ता?"

"आत्ता नाही. हलू नकोस."

चौदाव्या वर्षापासून तुझ्या पाठीशी उभी असलेली मी, तुझ्याकडून हे पहिल्यांदा ऐकत होते. थंडीत जास्त दुखतं, हे मला माहीत नव्हतं.

सोमवारी तू दुकान मुद्दाम उघडून तिचा चष्मा बसवून दिलास. बाहेर आली आणि फुटपाथवर थबकलीच. समोरच्या झाडाकडे बोट केलं. "आई, पानं सुटी सुटी आहेत!" तिला वाटत होतं झाड म्हणजे वर एक हिरवा गोळा असतो. सगळ्यांना तसाच दिसतो. स्टेशनपर्यंत ती पाट्या वाचत आली, माणसांच्या शर्टांवरची बटणं मोजत आली. गाडीत खिडकीला नाक लावून बसली, आणि अंधार पडेपर्यंत दर दोन मिनिटांनी मला हलवून काहीतरी दाखवत होती. मीही बघत होते. खरंच सगळं सुटं सुटं होतं.

इकडचं सांगायचं तर कागद छापून तयार आहे. मुद्रित मी चारदा तपासलं. पुढच्या महिन्यापासून इतर इस्पितळांतही जाईल. गवंडीकाका मागच्या आठवड्यात बायकोला घेऊन आले होते. घरी सांगितलं एकदाचं. काकू मला म्हणाल्या, "मजेत नव्हते हे मला तीस वर्षं माहीत होतं. सांगत नाहीत म्हणून मीही विचारलं नाही." दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते, मधे पिशवी नव्हती.

अजून एक. निघताना तू चिमणीला सांगितलंस, फ्रेम सैल झाली की घेऊन ये, मीच बसवून देईन, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. तेव्हापासून ती रोज सकाळी आरशासमोर मान हलवून बघते, सैल झाली का. काल मी दप्तर आवरायला तिच्या खोलीत गेले तर पाठमोरी बसून चष्म्याची काडी हळूहळू बाहेर वाकवत होती.

मी हळूच दार लोटून घेतलं. पुढच्या शनिवारी येतो.

ताई